सागरी स्पंजांतील कवके व प्रतिजैविके

सागरी स्पंजांतील कवके म्हणजे समुद्रतळाशी चिकटून राहणाऱ्या स्पंज या प्राण्यांच्या शरीरात आढळणाऱ्या आणि त्यांच्या ऊतींपासून प्रयोगशाळेत वेगळ्या करता येणाऱ्या बुरशींचा समूह होय. या कवकांपासून मिळणाऱ्या रासायनिक संयुगांपैकी काही जीवाणूंची व रोगकारक बुरशींची वाढ रोखतात. त्यामुळे नव्या प्रतिजैविकांचा संभाव्य स्रोत म्हणून १९९० च्या दशकापासून त्यांचा पद्धतशीर अभ्यास होत आहे. अशी शेकडो संयुगे नोंदली गेली असली, तरी स्पंजातून वेगळ्या केलेल्या कवकापासून मिळालेले एकही प्रतिजैविक अद्याप औषध म्हणून बाजारात आलेले नाही. संशोधननिबंधांची मोठी संख्या आणि औषधांचा अभाव यांतील हे अंतर या विषयाच्या केंद्रस्थानी आहे.

भारतात या विषयाशी संबंधित काम प्रामुख्याने गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, तमिळनाडू व केरळच्या किनाऱ्यावरील संस्था आणि मुंबई व पुणे येथील प्रयोगशाळा यांमधून झाले आहे.

पार्श्वभूमी

रोगकारक जीवाणू प्रचलित प्रतिजैविकांना दाद देईनासे होणे, म्हणजेच प्रतिजैविक-रोध, ही जागतिक आरोग्यसमस्या आहे. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट रोधक्षम जीवाणूंमुळे झाले आणि सुमारे ४९.५ लाख मृत्यूंशी अशा जीवाणूंचा संबंध होता. भारताचे नाव या समस्येशी विशेष जोडले गेले आहे. कार्बापेनेम गटातील प्रतिजैविके निकामी करणाऱ्या एका विकराला ‘न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’ असे नाव देण्यात आले. २००८ मध्ये स्वीडनमधील एका रुग्णाच्या नमुन्यात तो प्रथम ओळखला गेला होता. या रुग्णावर त्याआधी भारतात उपचार झाले होते.

पेनिसिलिनचा शोध १९२८ मध्ये लागला. पुढील तीन-चार दशकांत वापरात आलेली बहुतेक प्रतिजैविके जमिनीतील सूक्ष्मजीवांपासून मिळाली. नंतर त्याच मातीतून तीच ती संयुगे पुन्हा पुन्हा हाती येऊ लागली, म्हणून संशोधकांनी न तपासलेल्या अधिवासांकडे मोर्चा वळवला. समुद्र, आणि समुद्रातही स्पंज, हा त्यांपैकी सर्वाधिक तपासला गेलेला अधिवास ठरला.

स्पंज आणि त्यातील सूक्ष्मजीव

स्पंज हे पोरिफेरा अर्थात छिद्री संघातील प्राणी आहेत. आजवर त्यांच्या ९,००० हून अधिक जातींचे वर्णन झाले आहे. स्पंजाला तोंड, जठर, हृदय वा चेतासंस्था नसते. शरीरावरील असंख्य सूक्ष्म छिद्रांतून पाणी आत घ्यावे, त्यातील जीवाणू व सेंद्रिय कण गाळून खावेत आणि उरलेले पाणी मोठ्या छिद्रावाटे बाहेर सोडावे, असा त्याचा जीवनक्रम असतो. एक किलोग्रॅम वजनाचा स्पंज दिवसभरात हजारो लिटर पाणी गाळू शकतो. काही जातींसाठी हा आकडा २४,००० लिटरपर्यंत सांगितला जातो.

स्थिर असल्यामुळे स्पंजाला शत्रूपासून पळता येत नाही आणि त्याला कठीण कवचही नसते. तरीही अनेक स्पंजांना मासे तोंड लावत नाहीत आणि त्यांच्या पृष्ठभागावर इतर जीव सहसा वाढत नाहीत. हे संरक्षण रासायनिक आहे. मात्र ती रसायने प्रत्येक वेळी स्पंज स्वतःच तयार करतो असे नाही. काही स्पंजांच्या एकूण वस्तुमानाच्या ३५ ते ४० टक्के वाटा सूक्ष्मजीवांचा असतो, आणि स्पंजाच्या नावावर नोंदलेली अनेक संयुगे प्रत्यक्षात त्याच्या आत राहणारे जीवाणू तयार करतात, असे पुढे दिसून आले. कवकांच्या बाबतीत चित्र इतके स्पष्ट नाही.

स्पंज व कवक यांच्या संबंधाचे काही ठोस पुरावे उपलब्ध आहेत. कोंड्रिला वंशातील स्पंजात एक यीस्ट मातेच्या अंडपेशींमधून पुढील पिढीत जाते, असे २००५ मध्ये दाखवण्यात आले. सुबेराइट्स डोमुन्क्युला या स्पंजाच्या पेशींवर कवकाच्या पेशीभित्तिकेतील ग्लुकान हा घटक ओळखणारे ग्राही असल्याचे २००४ मध्ये आढळले. टेटिला या स्पंजाच्या तंतुकणिकेतील एका जनुकात कवकाकडून आलेला असावा असा डीएनएचा तुकडा २००६ मध्ये सापडला. हे पुरावे महत्त्वाचे असले तरी मोजक्या जातींपुरते आहेत. त्यांवरून सर्व स्पंजांविषयी अनुमान काढणे घाईचे ठरेल.

सागरी की जमिनीवरची?

स्पंजाचा तुकडा निर्जंतुक करून पोषक माध्यमावर ठेवला असता काही दिवसांत त्यातून हिरवट, काळपट वा पांढरी बुरशी उगवते. ती ओळखल्यावर अनेकदा निराशा पदरी येते. जर्मनीतील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या व आजही उद्धृत होणाऱ्या पाहणीत १६ जातींच्या स्पंजांपासून ६८१ कवकवाण वेगळे करण्यात आले. त्यांतील बरेच अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम, ट्रायकोडर्मा यांसारख्या जमिनीवर सर्वत्र आढळणाऱ्या वंशांचे होते. नांदेड जिल्ह्यातील मुदखेडच्या काळ्या मातीत, साठवलेल्या ज्वारीत किंवा शिळ्या भाकरीवर जे वंश आढळतात, तेच प्रवाळभित्तीवरील स्पंजातही निघतात.

याचा एक सरळ अर्थ असा निघू शकतो की स्पंज हा केवळ गाळणी आहे. पावसाळ्यात नद्या मातीबरोबर कवकांचे बीजाणू समुद्रात नेतात. मुदखेड तालुक्यातील शेतांची माती गोदावरीमार्गे अखेरीस बंगालच्या उपसागराला मिळते, तर कोकणातील आखूड व वेगवान नद्या ती थेट अरबी समुद्रात ओततात. पाणी गाळणाऱ्या स्पंजात हे बीजाणू अडकतात, सुप्तावस्थेत राहतात आणि प्रयोगशाळेतील साखरयुक्त माध्यम मिळताच अंकुरतात. असे असल्यास त्या कवकाला स्पंजाचा सहजीवी म्हणणे योग्य ठरत नाही. म्हणूनच काटेकोर लेखनात ‘सागरी कवक’ या संज्ञेऐवजी ‘समुद्रातून मिळवलेले कवक’ ही संज्ञा वापरली जाते.

याच्या विरुद्ध बाजूचा पुरावाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या चंद्रलता रघुकुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हिंदी महासागरातील चागोस गर्तेतून, सुमारे ५,९०० मीटर खोलीवरून काढलेल्या गाळाच्या स्तंभाचा अभ्यास प्रसिद्ध केला. अंदाजे १.८ लाख ते ४.३ लाख वर्षांपूर्वीच्या थरांमधून त्यांना अ‍ॅस्परजिलस सिडोवी ही बुरशी जिवंत स्थितीत मिळाली. हीच जाती कॅरिबियन समुद्रातील पंखाकृती प्रवाळांना रोग जडवते, आणि स्पंजांतूनही ती वेगळी करण्यात आली आहे. म्हणजे मूळची जमिनीवरची मानली गेलेली बुरशी समुद्रात टिकू शकते आणि तेथे एखाद्या प्राण्यावर जगूही शकते. जमिनीवरील वंश आणि समुद्रातील वाण यांचे नाव एकच असले, तरी खारे पाणी, दाब आणि शेजारी जीव यांच्या प्रभावाने त्यांचे रसायन वेगळे असू शकते, ही या संपूर्ण संशोधनक्षेत्राची मूळ धारणा आहे.

केवळ डीएनए तपासून केलेल्या पाहण्यांत वेगळीच यादी मिळते. मानवी त्वचेवर राहणारे आणि कोंड्याशी संबंधित असलेले मॅलॅसेझिया हे यीस्ट त्यांत वारंवार दिसते. संवर्धनात मात्र ते क्वचितच सापडते. त्याचा किती भाग खरोखर स्पंजातील आणि किती नमुना हाताळताना आलेला, याविषयी मतभेद आहेत.

इतिहास

समुद्रातून मिळालेल्या कवकापासून वैद्यकात सर्वाधिक उपयोगी ठरलेला औषधगट स्पंजातून आलेला नाही. इटलीच्या सार्डिनिया बेटावरील काल्यारी शहरातील आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक ज्युसेप्पे ब्रोत्झू यांनी १९४५ मध्ये शहराचे सांडपाणी समुद्राला मिळते त्या जागेच्या पाण्यातून सेफॅलोस्पोरियम अ‍ॅक्रेमोनियम ही बुरशी वेगळी केली. शहरात विषमज्वर असूनही त्या किनाऱ्याचे पाणी आपोआप शुद्ध होत असावे, या तर्कावरून त्यांनी तेथे शोध घेतला होता. त्यांनी १९४८ मध्ये आपले निष्कर्ष एका स्थानिक प्रकाशनात छापले, आणि त्यांचे कवकसंवर्धन ऑक्सफर्ड विद्यापीठाकडे पोहोचले. तेथे एडवर्ड अब्राहम व गाय न्यूटन यांनी त्यातून सेफॅलोस्पोरिन सी हे संयुग मिळवले. डोरोथी हॉजकिन यांच्या क्ष-किरण अभ्यासाने १९६१ मध्ये त्याची संरचना निश्चित झाली. १९६४ मध्ये सेफॅलोथिन हे या गटातील पहिले औषध बाजारात आले. आज तालुक्याच्या औषधदुकानातही मिळणारी सेफिक्झिम व सेफ्ट्रिॲक्झोन ही औषधे याच वंशावळीतील आहेत.

ब्रोत्झू यांची बुरशी सागरी होती की सांडपाण्याबरोबर जमिनीवरून आलेली होती, हा प्रश्न त्याही वेळी अनुत्तरित राहिला.

स्पंजांचा औषधी इतिहास वेगळ्या वाटेने गेला. अमेरिकेत वर्नर बर्गमन यांनी १९५० च्या सुमारास फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील एका स्पंजातून नेहमीच्या न्यूक्लिओसाइडपेक्षा वेगळी शर्करा असलेली संयुगे वेगळी केली. त्यांच्या नमुन्यावर आधारित सायटाराबिन हे रक्ताच्या कर्करोगावरील औषध १९६९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. जपानी स्पंजातील हॅलिकोंड्रिन बी या संयुगावर आधारित एरिब्युलिन हे कर्करोगविरोधी औषध २०१० मध्ये मान्य झाले. या दोन्ही यशांमुळे स्पंज हा औषधांचा स्रोत म्हणून प्रतिष्ठित झाला. परंतु दोन्ही औषधे मूलतः कर्करोगावरील असून प्रतिजैविके नव्हेत, आणि कोणत्याही कवकाशी त्यांचा संबंध नाही. लोकप्रिय लेखनात या तीन गोष्टींची सरमिसळ होताना आढळते.

स्पंजातील कवकांचे रसायन तपासण्याला १९९० च्या दशकात जपान, जर्मनी व अमेरिकेत वेग आला. स्पंज मोठ्या प्रमाणावर उपसून औषध बनवणे ना शक्य असते, ना पर्यावरणास परवडणारे. याउलट कवक एकदा वेगळे केले की ते टाकीत हवे तितके वाढवता येते. पेनिसिलिनच्या उत्पादनामुळे कवकांच्या किण्वनाचे तंत्र उद्योगाला परिचयाचे होते. या व्यावहारिक कारणानेही कवकांकडे लक्ष वळले.

ज्ञात संयुगे

स्पंजातील कवकांपासून मिळालेली संयुगे प्रामुख्याने पॉलिकेटाइड, टर्पिन, पेप्टाइड आणि अल्कलॉइड या रासायनिक गटांत मोडतात. जीवाणूरोधी म्हणून नोंदलेल्या संयुगांची काही उदाहरणे पुढीलप्रमाणे आहेत. मायकेल अ‍ॅड्हिरेन्स या स्पंजातील एक्सोफियाला पिस्किफिला या कवकापासून मिळालेले एक्सोफिलिन ए ग्रॅम-रंजी जीवाणूंवर परिणामकारक ठरल्याचे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावरील एका स्पंजातील एमेरिसेला व्हेरिकलर या कवकापासून व्हॅरिझँथोन हे संयुग २००२ मध्ये नोंदले गेले. हॅलिक्लोना वंशातील एका स्पंजातून मिळालेल्या अनोळखी कवकापासून १९९८ मध्ये हिर्सुटॅनॉल हा टर्पिन गट मिळाला. त्याची जीवाणूरोधी क्षमता सौम्य होती.

सॉर्बिसिलॅक्टोन ए या संयुगाची कथा वेगळ्या कारणाने लक्षणीय आहे. भूमध्य समुद्रातील इर्सिनिया फॅसिक्युलाटा या स्पंजातून जर्मन संशोधकांनी २००३ मध्ये ते मिळवले. ते तयार करणारे कवक होते पेनिसिलियम क्रिसोजेनम, म्हणजे सात दशकांहून अधिक काळ पेनिसिलिनसाठी वापरली जाणारी बुरशी. जिचे रसायन पुरते माहीत आहे असे मानले जात होते, तिच्याच एका वाणाने स्पंजात राहून अगदी नवी संरचना तयार केली. तिचा परिणाम मात्र जीवाणूंऐवजी रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींवर आढळला.

ग्लायोटॉक्सिनसारखी काही संयुगे समुद्रातील अ‍ॅस्परजिलसपासूनही मिळतात व जीवाणूंना मारतात, परंतु ती मानवी पेशींनाही तितकीच घातक असतात. एखाद्या अर्काने जीवाणू मरतात एवढ्यावरून ते प्रतिजैविक ठरत नाही. पेनिसिलिनचे महत्त्व हे की ते जीवाणूच्या पेशीभित्तिकेवर घाव घालते आणि मानवी पेशींना ती भित्तिकाच नसते. स्पंजातील कवकांच्या बहुसंख्य संयुगांबाबत ते नेमके कशावर घाव घालतात हे तपासलेलेच नाही.

पेस्टॅलोनचे प्रकरण

सागरी कवकांवरील बहुतेक आढावालेखांत पेस्टॅलोन या संयुगाचा उल्लेख येतो. त्याचा उगम स्पंजात नसून बहामा बेटांजवळील एका तपकिरी शैवालाच्या पृष्ठभागावरील पेस्टॅलोशिया वंशाच्या कवकात आहे. तरी स्पंजातील कवकांच्या संशोधनाला त्याने दिशा दिली आणि नंतर एक धडाही दिला, म्हणून त्याची नोंद येथे आवश्यक आहे.

अमेरिकेतील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेतील विल्यम फेनिकल यांच्या गटाने हे कवक एकट्याने वाढवले तेव्हा पेस्टॅलोन तयार झाले नाही. त्याच माध्यमात एक सागरी जीवाणू सोडल्यावर मात्र ते तयार झाले. कवकाचे हे रासायनिक प्रत्युत्तर असावे, असा अर्थ लावण्यात आला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात मेथिसिलिनरोधी स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूची वाढ रोखण्यास प्रति मिलिलिटर केवळ ३७ नॅनोग्रॅम पेस्टॅलोन पुरते, असे नोंदले होते. रुग्णालयांत पसरणाऱ्या या जीवाणूविरुद्ध इतकी क्षमता असाधारण होती. पुढील दहा-बारा वर्षे हा आकडा लेखामागून लेखात उद्धृत होत राहिला.

अडचण अशी होती की मूळ संवर्धनातून संयुग फार थोडे मिळे, त्यामुळे चाचणी पुन्हा करणे सोपे नव्हते. जर्मनीतील कोलोन विद्यापीठाच्या रसायनशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये पेस्टॅलोन पुरेशा प्रमाणात कृत्रिमरीत्या तयार केले. त्यानंतर दोन स्वतंत्र प्रयोगशाळांत त्याची चाचणी झाली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार त्याच जीवाणूच्या विविध वाणांसाठी लागणारे प्रमाण प्रति मिलिलिटर ३ ते १० मायक्रोग्रॅम, म्हणजे पूर्वीच्या आकड्याच्या सुमारे ८० ते २७० पट भरले. संयुग जीवाणूरोधी होतेच, पण असाधारण नव्हते.

पहिल्या निबंधातील फरक कशामुळे पडला हे निश्चित झालेले नाही. जीवाणू सोबत वाढवून कवकाची सुप्त क्षमता जागवण्याची कल्पना यामुळे खोटी ठरली नाही. ती आजही या क्षेत्रातील प्रमुख पद्धतींपैकी एक आहे. मात्र काही मिलिग्रॅम पदार्थावर एकाच ठिकाणी झालेली चाचणी पुनरावृत्तीशिवाय ग्राह्य धरण्याची सवय किती महाग पडू शकते, हे यातून दिसले. २०१३ नंतरच्याही काही लेखांत जुनाच आकडा आढळतो.

संशोधनाची पद्धत

पाणबुड्यांनी वा ओहोटीच्या वेळी खडकांवरून गोळा केलेला स्पंज निर्जंतुक समुद्रजलाने धुतला जातो. अल्कोहोलसारख्या द्रव्याने पृष्ठभाग निर्जंतुक करून आतील भागाचे बारीक तुकडे माध्यमावर ठेवतात. माध्यमात समुद्राचे पाणी किंवा तितके मीठ घालतात, तसेच जीवाणूंची वाढ थोपवण्यासाठी एखादे प्रतिजैविकही घालतात. शेवटच्या धुण्याचे पाणी वेगळ्या बशीत ओतून पाहणे आवश्यक असते. त्यातूनही बुरशी उगवली, तर ती स्पंजाच्या आतली आहे असा दावा करता येत नाही. अनेक प्रकाशित कामांत ही साधी पडताळणी केलेली नसते.

वेगळे केलेले कवक द्रव माध्यमात किंवा शिजवलेल्या तांदळावर दोन ते चार आठवडे वाढवतात. तांदूळ हे माध्यम स्वस्त असून त्यावर द्वितीयक चयापचयज भरपूर मिळतात. नंतर एथिल ॲसिटेटने अर्क काढून त्याचे घटक वेगळे करतात आणि चुंबकीय अनुस्पंदन व वस्तुमान वर्णपटांवरून संरचना ठरवतात. संयुग आधी माहीत असलेले नाही ना, हे याच टप्प्यावर लवकरात लवकर ओळखावे लागते, अन्यथा महिन्यांची मेहनत वाया जाते.

जनुकसंचांच्या वाचनातून असे दिसले की एका अ‍ॅस्परजिलसमध्ये द्वितीयक चयापचयजे तयार करणारे जनुकसमूह अनेकदा पन्नासच्या आसपास असतात, पण प्रयोगशाळेत त्यांतील थोडेच कार्यरत होतात. उरलेले जागे करण्यासाठी मीठ, तापमान, प्रकाश व माध्यम बदलून पाहतात, दुसरा सूक्ष्मजीव सोबत वाढवतात किंवा जनुकनियमनावर परिणाम करणारी रसायने वापरतात. एकाच वाणापासून परिस्थिती बदलून अनेक संयुगे मिळवण्याच्या या धोरणाला जर्मन संशोधकांनी २००२ मध्ये नाव दिले आणि ते रूढ झाले.

भारतातील संशोधन

भारतीय स्पंजांचे वर्गीकरण ब्रिटिश काळात सुरू झाले. आर्थर डेंडी यांनी सौराष्ट्रातील ओखामंडल किनाऱ्यावरील स्पंजांचे वर्णन १९१६ मध्ये प्रसिद्ध केले. स्वातंत्र्यानंतर मन्नारचे आखात व पाल्कची सामुद्रधुनी येथील स्पंजांवर पी. ए. थॉमस यांनी विस्तृत काम केले. पश्चिम किनाऱ्याचा अभ्यास त्या मानाने थोडा आहे.

आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे. समुद्रातील कवकांचा भारतातील सर्वांत सातत्यपूर्ण अभ्यास येथेच झाला. चंद्रलता रघुकुमार व शेषगिरी रघुकुमार यांनी खारफुटी, समुद्रगवत, प्रवाळ आणि खोल समुद्रातील गाळ यांतील कवकांवर व कवकसदृश जीवांवर अनेक दशके काम केले. त्यांचा भर प्रतिजैविकांपेक्षा या जीवांची परिसंस्थेतील भूमिका समजून घेण्यावर होता. स्पंजातून निघालेले कवक खरोखर समुद्रातले कसे ठरवायचे, या प्रश्नाला लागणारी पायाभूत माहिती अशाच कामातून मिळते. भारत सरकारच्या महासागर विकास विभागाने १९९० च्या दशकात समुद्रातील जीवांपासून औषधे शोधण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला. लखनौ येथील केंद्रीय औषध संशोधन संस्था त्याची समन्वयक होती.

महाराष्ट्रात स्पंजांचा उल्लेखनीय अधिवास मालवण येथे आहे. तेथील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. पावसाळ्यात समुद्र खवळलेला व पाणी गढूळ असल्याने नमुने गोळा करण्याचे काम बहुधा ऑक्टोबर ते मे या काळातच होते. याचा एक परिणाम असा की नद्यांचे पाणी समुद्रात सर्वाधिक मिसळते त्या काळातील स्पंजांत कोणती कवके असतात, याची माहिती नेमकी कमी आहे.

राज्यातील सर्वांत लक्षणीय निष्पत्ती कवकातून नव्हे, तर स्पंजातील जीवाणूतून आली. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील स्पायरास्ट्रेला वंशाच्या स्पंजातून मिळालेल्या कोक्युरिया वंशाच्या जीवाणूपासून पिरामल समूहाच्या मुंबईतील संशोधकांनी पीएम१८११०४ हे थायाझोलिल पेप्टाइड प्रतिजैविक वेगळे केले. मेथिसिलिनरोधी स्टॅफिलोकॉकस आणि व्हॅन्कोमायसिनरोधी एन्टरोकॉकस या दोहोंवर ते परिणामकारक असल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. ते औषध म्हणून बाजारात आले नाही.

मुंबईत सूक्ष्मजीवांपासून प्रतिजैविके शोधण्याची परंपरा त्याहून जुनी आहे. मुलुंड येथील हेक्स्ट संशोधन केंद्रातून मर्सॅसिडिन हे पेप्टाइड प्रतिजैविक १९९२ मध्ये नोंदले गेले. पुण्याजवळील पिंपरी येथे १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिच्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार व सहकाऱ्यांनी पिंपरीच्याच मातीतील स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या जीवाणूपासून १९६० च्या दशकाच्या आरंभी हॅमायसिन हे कवकरोधी प्रतिजैविक शोधले आणि ते वापरातही आले. शोध, किण्वन, चाचणी आणि उत्पादन एकाच आवारात होण्याची ती व्यवस्था होती. स्पंजातील कवकांवर आज काम करणाऱ्या विद्यापीठीय विभागांपाशी बहुधा यातील पहिली पायरीच असते.

वेगळ्या केलेल्या कवकांचे जतन पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय कवक संवर्धन संग्रहात करता येते. पुण्यातीलच सूक्ष्मजीव संवर्धन संग्रहाला २०११ पासून बुडापेस्ट कराराखालील आंतरराष्ट्रीय निक्षेपस्थानाचा दर्जा आहे. संग्रहात जमा न केलेले वाण संशोधक विद्यार्थ्याची पदवी संपल्यावर अनेकदा नष्ट होतात. मग निबंधात नोंदलेले संयुग पुन्हा मिळवण्याचा मार्ग उरत नाही.

औषध होण्यातील अडथळे

बशीतील चाचणी आणि औषध यांमध्ये विषारीपणाची तपासणी, प्राण्यांवरील प्रयोग, शरीरातील शोषण व उत्सर्जन यांचा अभ्यास आणि मानवी चाचण्यांचे टप्पे असतात. स्पंजातील कवकांची बहुतेक संयुगे पहिल्या टप्प्यापलीकडे गेलेली नाहीत. ग्रॅम-अरंजी जीवाणूंच्या बाह्यपटलातून ती आत शिरू शकत नाहीत ही मोठी त्रुटी आहे, कारण रुग्णालयांतील सर्वाधिक चिंताजनक रोधक्षम जीवाणू याच गटातील आहेत.

आर्थिक कारण त्याहून कठोर आहे. नवे प्रतिजैविक राखून ठेवले जाते, ते थोड्याच रुग्णांना व थोडेच दिवस दिले जाते, त्यामुळे त्याची विक्री कमी होते. प्लाझोमायसिन हे प्रतिजैविक २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि ते विकसित करणारी अकेओजेन ही कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली. कवकजन्य प्रतिजैविकांचे युग मात्र संपलेले नाही. एका छत्रकवकापासून १९५० च्या सुमारास मिळालेल्या प्ल्युरोम्युटिलिनवर आधारित लेफाम्युलिन हे औषध न्यूमोनियासाठी २०१९ मध्ये मान्य झाले. शोधापासून पोटात वा शिरेतून घेता येणाऱ्या औषधापर्यंत त्याला सुमारे सात दशके लागली.

कायदेशीर तरतुदी

कॅल्केरिया गटातील सर्व स्पंजांचा समावेश २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूचीत करण्यात आला, त्यामुळे ते परवानगीशिवाय गोळा करता येत नाहीत. औषधी संशोधनात वापरले जाणारे बहुतेक स्पंज डेमोस्पंज या दुसऱ्या गटातील असतात. अभयारण्यातून कोणताही नमुना घेण्यासाठी मात्र वनविभागाची परवानगी लागते.

जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार भारतातील जैविक संसाधन वापरणाऱ्या परदेशी व्यक्ती वा संस्थेला चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वमान्यता घ्यावी लागते. स्पंजातील कवक सूक्ष्म असले तरी ते या व्याख्येत येते. अधिनियमात २०२३ मध्ये सुधारणा झाल्या. लाभाचे न्याय्य वाटप अपेक्षित असलेला नागोया करार १२ ऑक्टोबर २०१४ पासून लागू असून भारत त्याचा सदस्य आहे. जमिनीवरून नदीवाटे आलेला बीजाणू स्पंजात अंकुरला, तर ते संसाधन किनाऱ्यावरील गावाचे मानायचे की उगमाकडील, याचे उत्तर या तरतुदींत नाही. नमुना जेथून गोळा केला, तेच ठिकाण व्यवहारात ग्राह्य धरले जाते.